सुगंधाची दहा बोटं

सुगंधा परब नळावर आली की बायका आपसूक बाजूला सरकत. जोगेश्वरीच्या त्या चाळीत तिच्याशी वाद घालायची कुणाची हिंमत नव्हती, आणि खरं सांगायचं तर गरजही पडत नसे, कारण बहुतेक वेळा तिचंच बरोबर असायचं.

चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. अंधेरीच्या एका कारखान्यात ती तांब्याच्या तारेची बारीक कॉइल गुंडाळायची. तार अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीतून सोडायची. बोट खरखरीत असलं की तार अडकलीच, आणि अडकली की तुटलीच. एका शनिवारी सुपरवायझर सुहासिनीबाईंनी सांगितलं, की आता केसाहून बारीक तार येणार आहे. पुढच्या सोमवारी परीक्षा. तार तोडणाऱ्या बायका पॅकिंगला जातील. पॅकिंग म्हणजे आज काम आहे, उद्याचं देव जाणे.

"पस्तिशीच्या पुढच्यांनी बसायची तसदी घेऊ नका," बाई म्हणाल्या.

"मी एकोणचाळीसची आहे," सुगंधा सगळ्यांसमोर म्हणाली, "आणि मी बसणार."

बोलून तर बसली, पण घरी येऊन स्वतःचे हात पाहिले आणि तिचं तिलाच हसू आलं. काथ्या, पावडर आणि धुण्याच्या सोड्याने नखांची पार वाट लागलेली. कडा फुटलेल्या, मुळाशी सालपटं निघालेली. राग आला की ती सालपटं दातांनी ओढायची सुगंधाला सवय. आणि राग काय, रोजच यायचा.

तिचा नवरा सीताराम भिंतीकडे तोंड करून पडला होता. संपात गिरणी बंद पडली तेव्हापासून दोन वर्षं त्याचं हेच चाललं होतं. सतरा वर्षं साच्यावर, म्हणजे गिरणीच्या मागावर, कापड विणलेला माणूस, पण आता घर सुगंधाच्या पगारावर चालतं, हे त्याला खात होतं. तिने परीक्षेचं सांगितलं तेव्हा तो प्रथमच उठून बसला.

"हात दाखव बघू."

त्याने दोरीवरचं तिचं नायलॉनचं पातळ ओढलं आणि तिच्या बोटांवरून हळूच फिरवलं. पातळ जागोजागी अडकलं.

"असल्या हातांका मुकादम साच्याजवळ उभो करूचो नाय," तो म्हणाला. "आजपासून भांडी माझी. धुणां पण."

"लोक काय म्हणतले?"

"म्हणांदेत."

मग त्या खोलीत नखांचा कारभार सुरू झाला. गावाहून आणलेला कोकमतेलाचा गोळा फडताळात होता. टाचांना भेगा पडल्या की लावायचा. रोज संध्याकाळी सुगंधा कोमट पाण्यात बोटं बुडवून बसे. कातडी मऊ झाली की ओल्या फडक्याने ती हलकेच मागे सारायची, वितळवलेलं तेल मुळाशी चोळायचं. फुटलेल्या कडा पॉलिश पेपरने एकाच दिशेने घासायच्या. मग सीताराम पातळ फिरवून बघे आणि अजून नाही म्हणून मान हलवे. गुरुवारी पातळ एकाच बोटाला अडकलं.

आता इतकं छान चाललं होतं, तर गप्प बसावं ना! पण शुक्रवारी शेजारची क्षमा आली. तिने पार्लरचा कोर्स नुकताच सुरू केला होता आणि चाळीतला प्रत्येक हात तिला आपल्याचसाठी जन्मलेला वाटायचा.

"काकी, ही मेलेली कातडी आहे. कापून टाकली की नखं एकदम झकास!" ती म्हणाली.

सुगंधाने उजवा हात पुढे केला. पहिलं नख चकचकीत झालं, दुसऱ्याला कातरी खोल गेली आणि रक्त आलं. शनिवारी सकाळी नेमकी तर्जनी टम्म फुगली. नखुरडं! शेजारणी म्हणाल्या, लिंबात बोट घाल. घातलं. दुपारपर्यंत ठणका डोक्यात गेला, तेव्हा सीतारामने तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पू काढून पट्टी बांधली आणि हे बोट आठवडाभर वापरायचं नाही म्हणून बजावलं.

सुगंधा रडली. हो, सुगंधाही रडते. तार तर्जनीनेच सोडायची असते.

"कातर कित्याक लावलस?" सीताराम एवढंच बोलला. मग शिवणाचं सूत काढून त्याने एक टोक खुंटीला बांधलं. "साच्यावर कुठलाही बोट दुखायचा, म्हणून साचो थांबत नव्हतो. मधला बोट घे. नखान धरू नको, बोटाच्या गादीन धर. ओढू नको. सूत स्वतः येता."

रविवार सगळा त्यात गेला. सूत निसटायचं, ती चिडायची, तो पुन्हा पहिल्यापासून धरायला लावायचा. दोन वर्षांत मिळून बोलला नसेल इतकं तो त्या एका दिवसात बोलला.

सोमवारी सुहासिनीबाईंनी पट्टी पाहिली. "हा हात टेबलावर चालणार नाही."

"पट्टीचं बोट वर ठेवते, बाई. तारेला लागणारच नाही," सुगंधा म्हणाली. "तार तुटली तर तुम्ही सांगायच्या आधी मी पॅकिंगला जाऊन बसते."

बाईंनी खुर्चीकडे बोट दाखवलं. शेजारी वीस-बावीसच्या मुली होत्या, रंगवलेल्या लांब नखांच्या. त्यांच्या तारा नखांत अडकून एकामागून एक तुटल्या. सुगंधा मधल्या बोटाच्या गादीवरून तार सोडत राहिली. बारा कॉइल झाल्या, एकही तार तुटली नाही.

बाईंनी तिचा हात उलटा करून पाहिला. "हे कुठे शिकलीस?"

"घरी कारागीर आहे आमच्या. सतरा वर्षं गिरणीत काढलेला."

यादीत पहिलं नाव तिचं लागलं.

घरी आल्यावर "झालं!" म्हणून ती ओरडली, पण सीतारामला तेवढ्याने भागेना. तार किती बारीक होती? ताण कसा ठेवलास? तुटायला आली तेव्हा काय केलंस? त्याने तिला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं, मग आणखी एकदा. ती सांगत होती आणि त्याचा अंगठा नि मधलं बोट हवेतच तार सोडत होते.

"म्हणजे," तो शेवटी म्हणाला, "आपला काम अजून चालू आसा."