दिव्यापुढची नावं

माझी नणंद सारिका थायलंडच्या उत्तरेकडे एका ख्रिस्ती शाळेत गणित शिकवते, आणि तिथं तिला माइक लागत नाही. लागेल कसा? आमच्या आंदर मावळात पलीकडच्या डोंगरावरची गुरं तिनं नुसत्या हाकेवर घरी आणलेली. तळेगावच्या शाळेत होती तेव्हा शेजारच्या वर्गातले सर तिच्या आवाजाची तक्रार करायचे. तिकडच्यांनी मात्र हौसेनं बोलावून नेलं.

आमच्या वाडीत मोबाईलला रेंज मिळते ती फक्त पाण्याच्या टाकीपाशी. मी नवलाख उंबरे गावातल्या कंपनीतून कामावरून आले, की माझ्या सासूबाई, शालूआत्या, मला घोटभर चहाही न घेऊ देता टाकीकडे पिटाळतात आणि मागोमाग स्वतः येतात. मग सारिकाचा दिवस ऐकायचा. सकाळी फाटकाशी उभं राहायचं, पोरं हात जोडून वाकतात. वर्गाबाहेर चपला काढायच्या. दुपारी बालवर्गाला चटईवर निजवायचं. पहिल्या आठवड्यात पोरांच्या आधी बाईच घोरायला लागल्या होत्या. भात तिन्ही त्रिकाळ, पण चिकट, हातानं गोळा करून खायचा. भाताच्या आवणीच्या नावानं नाक मुरडणारी ही बाई तिथं इंद्रायणी तांदळाच्या वासासाठी झुरते. ताटात नवं काही आलं, की ते कुठल्या जनावराचं हे आधी विचारून घेते. आत्यांना हे ऐकायला फार आवडतं. मलाही आवडतं, पण मी तसं तिला कळू देत नाही.

एकदा मात्र त्या मोठ्या गळ्यातून आवाज फुटेना. त्या शाळेत दर सोमवारी सगळ्यांसमोर एक शिक्षक प्रार्थना घेतो. पहिलं वर्ष नवीन म्हणून तिला सोडलं होतं; आता तिची पाळी आली होती. नाही म्हणावं, तर पुढच्या वर्षी ठेवतील की नाही ही धास्ती. हो म्हणावं, तर पाठ केलेलं तोंडदेखलं बोलायचं. तिला ती पोरं सोडायची नव्हती, आणि देवाशी खोटंही बोलायचं नव्हतं. आत्यांनी फोन माझ्या हातून घेतला.

"ज्याच्या घरी राहतीस, त्याच्या देवाला हात जोडायला कसली लाज? पर नाटक करू नगं. मी दिव्याम्होरं मागती, तसं माग."

आत्यांचं मागणं सगळ्या वाडीला ठाऊक आहे. दिवेलागणीला घरातल्या एकेकाचं नाव घेतात, मग शेजाऱ्यांचं, मग गाईंचं, मग म्हशीचं. म्हशीनंतर माझा नंबर. सुनेनं चढून बसू नये म्हणून असेल, मी कधी विचारलं नाही.

तुझ्यासारखं म्हशीचं नाव घेऊन मागू का, असं सारिकानं चिडूनच विचारलं.

"म्हशीचं मी न्हाई घेतलं, तर कोन घ्येनार?" आत्या म्हणाल्या.

सोमवारी तिनं इंग्रजीत अगदी तसंच मागितलं. वर्गातल्या एकेका पोराचं नाव घेतलं, मग स्वयंपाकीणबाईंचं, झाडणाऱ्या मावशींचं, वॉचमनकाकांचं, आणि शेवटी फाटकाशी झोपणाऱ्या कुत्र्याचं. कुत्र्यापाशी सगळी शाळा फिसकन हसली. तिला डोळे उघडायचा धीर होईना. लगोलग मोठ्या बाईंनी केबिनमध्ये बोलावलं. सारिका मनातल्या मनात बॅग भरूनच आत गेली.

"कुत्र्याचं नाव घेतलंस," मोठ्या बाई म्हणाल्या. "माझं राहिलं."

आणि खुर्चीतच डोळे मिटून थांबल्या. सारिकानं तिथं उभ्या उभ्या त्यांचं नाव घेतलं.

नोकरी टिकली. आता दुसऱ्या वर्गातली पोरंही आपापली नावं तिला सांगून ठेवतात. पंचाईत झाली आहे ती आमची. आत्यांनी ती सगळी नावं टाकीपाशी बसून फोनवर घोकून घेतली आहेत, आणि रोज दिव्यापुढं म्हणतात, मोठ्या बाई नि कुत्र्यासकट. तोवर इकडे दूध उतू जातं. परवा त्या गर्दीत लेकीचंच नाव राहून गेलं. मी आठवण केली.

"तिचं नाव घ्यायला तितं लय जन हायती आता," आत्या म्हणाल्या. पदरानं डोळे पुसले आणि घेतलंच.

मग म्हैस. मग मी.