दादाने बाबांचा आवाज घालवला तो दिवस

माझी वहिनी कधी ओरडत नाही. ओरडायचं खातं आमच्या घरात माझ्याकडे आणि दादाकडे आहे. ती कारखान्यांतल्या जुन्या कॉम्प्युटरवर नवे प्रोग्राम चालते करून देते. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांनी घातलेला घोळ निस्तरते, आणि घरी आली की आमचा.

त्या दिवशीचा घोळ दादाचा. पक्षाघातानंतर बाबांची वाचा गेली. ऐकू येतं, कळतं सगळं, फक्त बोलता येत नाही. डाव्या हाताच्या एका बोटाने ते अक्षरं दाबतात आणि खुर्चीला बसवलेला छोटा कॉम्प्युटर ते वाक्य मोठ्याने म्हणतो. दादाला तो आवाज रिकामा डबा वाजवल्यासारखा वाटायचा. म्हणून साहेबांनी त्या बोलणाऱ्या प्रोग्रामची नवी आवृत्ती आणली, आणि जागा अडते म्हणून जुनी पुसून टाकली. विचारलं कुणाला? छे, आम्ही कोण!

नवा प्रोग्राम सुरूच होईना. पडद्यावर एकच तक्रार: स्टँडर्ड लायब्ररीची हवी ती आवृत्ती सापडली नाही. लायब्ररी म्हणजे प्रोग्रामना लागणारं तयार सामान, एका जागी ठेवलेलं, सगळ्यांनी मिळून वापरायचं. हा प्रोग्राम कुणीतरी नव्या कोऱ्या मशीनवर तयार केलेला. त्याला सामानही नवं हवं, आणि बाबांच्या जुन्या मशीनमध्ये ते कुठून असणार? इथे तरी माणसाने थांबावं. पण आमचा हा उंटावरचा शहाणा. ऑफिसातून नवी लायब्ररी उचलून आणली आणि सगळ्यांच्या सामायिक जागेत जुनी काढून तिथे ती ठेवली. मग तर साधी फाइलसुद्धा उघडेना.

आणि त्याच संध्याकाळी वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापक बाई येणार होत्या. बाबांना तिथे ठेवावं असं दादाचं म्हणणं. मला ते मुळीच मान्य नव्हतं. बाईंची अट एकच होती, बाबांनी स्वतः सांगितल्याशिवाय मी नेणार नाही. दादा म्हणाला, मान हलवतील की. माझ्या मस्तकात तिडीक गेली. त्यांची मान आपोआप हलते, एवढंही याला दिसू नये? मी म्हटलं, तू मुद्दाम बिघडवलंस. तो म्हणाला, महिन्यातून एकदा तोंड दाखवणाऱ्यांनी मला शिकवू नये. त्यानंतर आम्ही एकमेकांचं जे काही काढलं ते सांगण्यासारखं नाही. बाबा आमच्या मधोमध खुर्चीत होते.

वहिनी कामावरून आली, पडदा बघितला आणि काय काय केलंस ते दादाला विचारलं. तो सांगत गेला तसे तिचे ओठ घट्ट मिटत गेले. तिचा राग एवढाच दिसतो.

"सगळ्यांच्या सामानाला हात लावायचा नाही," ती म्हणाली. "पाहुण्याने आपला डबा सोबत आणावा. घरच्यांची चूल फोडू नये."

तिने पेनड्राइव्हवरून मशीन सुरू केलं आणि मूळ संचातली जुनी लायब्ररी जागच्या जागी परत ठेवली. नवी लायब्ररी फक्त त्या प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये टाकली, आणि आधी इथे बघ असं त्याला सांगून ठेवलं. प्रोग्रामने आणखी एक सामान मागितलं, तेही तिथेच दिलं. दादा मागे उभा राहून सूचना देत होता. तिने मान वर न करता त्याला दार उघडायला पाठवलं, कारण घंटा वाजली होती.

बाई बाबांच्या समोर बसल्या. घरात राहायचंय की आमच्याकडे यायचंय, त्यांनी विचारलं. बाबांचं बोट हळूहळू फिरू लागलं. मी दादाकडे बघत होते. ऐक आता, म्हणावं!

"मला न्या," कॉम्प्युटर म्हणाला. "इथे फार भांडतात."

दादा खिडकीकडे वळला. वहिनी बाबांच्या खुर्चीजवळ खाली बसली, वायर नीट गुंडाळू लागली आणि बाईंना म्हणाली की तिथे कुणी यात काही नवीन घालायला गेलं, तर आधी तिला फोन करायचा. तिचे डोळे भरले होते आणि हात चालूच होते.

नवा आवाज अगदी स्पष्ट होता. ऐकू आलं नाही म्हणायची सोयच नव्हती.