रद्दीचा एक गठ्ठा

नोकरीत शेकडो प्रकरणं हाताळली, बहुतेक विसरलो. बोईसरचं हे एक मात्र सुक्या बोंबलाचा वास आला की आजही डोळ्यांपुढे उभं राहतं, आणि जेवणावरची वासना उडते.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी बोईसरला फौजदार होतो. बाजारात घिवली गावची एक मावशी सुके मासे विकायला बसायची. तोंडानं फटकळ, पण प्रत्येक वाट्यावर एक बोंबील वरचा टाकणार. एकदा गस्तीवर असताना तिनं मला पुडा दाखवला.

"बगा सायेब, भावानं फुकट कागद दिला, तो बोंबलाला चिकटून बसला. फुकटचं कदी पचत नाय."

कागद गुळगुळीत, वर सोनेरी नक्षी आणि इंग्रजी अक्षरं, मागे डिंक. ओलं बोट लावलं तर बोटालाही चिकटला. बाटल्यांवर लावायची नवीकोरी लेबलं होती ती. कोण शहाणा अशी लेबलं रद्दीत टाकेल?

तिचा भाऊ तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका गोदामात हमाल होता. त्याला ठाण्यावर आणलं. दोन तास गडी तोंड उघडेना. हवालदार पट्टा काढायच्या बेतात होता, त्याला मी बाहेर घालवलं. गरीब माणूस चोरीचं विचारलं की घाबरतो, मालकाचं विचारलं की त्याहून जास्त. मी चहा मागवला आणि म्हटलं, "खरं ते सांग. तू साक्षीदार. तुला काही होणार नाही, माझा शब्द."

मग तो बोलला. "परदेशातनं रद्दी येते, सायेब. वर फाटकी मासिकं, खाली हे गठ्ठे. मुकादम म्हनला, एक ने घरी, रद्दीच हाय."

कस्टमला कळवलं. त्यांच्या अधिकाऱ्यांसमोर गोदाम उघडलं. लगद्यासाठीची रद्दी म्हणून माल आणला की जकात नाममात्र, छापील लेबलं म्हटलं की भरमसाट. सगळा खटाटोप त्यासाठी. मालक शेवटपर्यंत "रद्दीच आहे" म्हणत राहिला. पंचनामा मी स्वतः लिहिला. मावशीकडचा गठ्ठा त्यात नोंदवला, कुणी दिला तेही. कस्टमचा निर्णय आला: माल रद्दी नव्हे, छापील लेबलं. वरिष्ठांनी पाठ थोपटली. मीही फुशारलो, खोटं कशाला बोलू?

मालकानं फरकाची जकात आणि दंड भरून माल सोडवून नेला. आठवड्याच्या आत तोच फिर्याद घेऊन ठाण्यात हजर. हमालानं किमती लेबलांचा गठ्ठा चोरला म्हणे. रद्दी होती तोवर तो गठ्ठा कवडीमोल होता, तो किमती ठरवला मीच. फिर्याद नाकारता येईना. पुरावा म्हणून माझाच पंचनामा पुढे आला. मुकादमानं कोर्टात कानांवर हात ठेवले. पोलिसापुढे आरोपी काय बोलला याला कोर्टात किंमत नसते, त्यामुळे माझं सांगणंही वाऱ्यावर गेलं. भावाला तीन महिन्यांची सजा झाली. नोकरी तर आधीच गेली होती.

निकालानंतर बाजारात गेलो. जायला नको होतं, पण राहवलं नाही. मावशी पळसाच्या पानात बोंबील बांधत होती. वर न बघता म्हणाली, "मालक म्हनला रद्दी, माझा भाऊबी म्हनला रद्दी. मग आत एकच कसा गेला, सायेब?"

शरम वाटली. फौजदाराचा शब्द ठाण्याच्या उंबऱ्यापर्यंतच चालतो, हे मला आधीच ठाऊक असायला हवं होतं. पुढे निवृत्तीपर्यंत मी कुठल्याही साक्षीदाराला शब्द दिला नाही, आणि पंचनाम्यात गरिबाचं नाव लिहिताना पेन दोनदा थांबवलं.

त्या दिवशी मी एक वाटा घेतला. तिनं पैसे घेतले, पुडा दिला. वरचा बोंबील टाकला नाही.