अण्णा, हलू नका

आमच्या फिल्मबद्दल कोणी विचारलं की मी आधी चिडतो, मग सांगतो. आज चिडून झालंय, म्हणून लिहितो.

चामराजपेटेत आमचं शिंप्याचं दुकान होतं. घरात मराठी, गिऱ्हाइकाशी कन्नड, असं पिढ्यान्पिढ्या चाललेलं. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो आणि आमचं ऐकून अख्खी गल्लीही. बंद गळ्याचा कोट, त्याची काजं हाताने करून शिवणारे आमच्या भागात तेच एक उरले होते. साठ साल उलटून पाच-सहा वर्षं झाली असतील. त्यांची नजर अधू होत चालली होती आणि दिवाळीनंतर दुकान बंद करायचं त्यांनी ठरवलं होतं. त्याआधी त्यांचे हात काम करताना फिल्मवर उतरवायचे, या एकाच गोष्टीने मला झपाटलं होतं.

पाठीशी ना कंपनी होती ना सरकार. आम्ही तिघेच. कॅमेरा चालवणारा मित्र बेळगावकडून आलेला, फोटो स्टुडिओत कामाला. नवरा-नवरी आणि पासपोर्टचे चेहरे यांतच त्याची दहा वर्षं गेलेली. आवाज घेणारा आमच्या गल्लीच्या तोंडाशी रेडिओ दुरुस्त करायचा. खरखर हा त्याचा जन्माचा वैरी. आणि दिग्दर्शक मी. शिंप्याचा मुलगा, कचेरीत कारकून, चार परदेशी फिल्मा पाहून अंगात आलेला. तिघांपैकी एकानेही तोवर फिल्म केली नव्हती, पण तोरा मात्र तिघांचाही होता.

रील एकच मिळाली होती, तीन मिनिटांची. परदेशी माल, मागितल्यावर महिनोन्‌महिने वाट पाहायला लावणारा.

त्या सकाळी अण्णा नेहमीसारखे बनियनवर, गळ्यात टेप टाकून बसले होते. मला ते बरं दिसेना. मी त्यांना त्यांनीच शिवलेला काळा कोट घालायला लावला आणि गळ्यापर्यंत बटणं लावली. रेडिओवाल्याने कानाला हेडफोन लावला आणि अण्णांना शिलाई मशीन थांबवायला सांगितलं. म्हणाला, “आवाज फाटतोय. मशीनचा आपण नंतर वेगळा घेऊ.” कॅमेरेवाल्याने चावी भरली, डोळा लावला आणि जिभेवर बसलेलं वाक्य त्याच्या तोंडून निघालं, “अण्णा, हलू नका हं.”

अण्णा मशीनजवळ उभे राहिले. एक हात मशीनवर, नजर समोर. चावी संपायची, तो पुन्हा भरायचा आणि पुन्हा म्हणायचा, “हलू नका.” स्टुडिओत फोटो निघाला की तो “झालं” म्हणत असे. अण्णा त्या “झालं”ची वाट पाहत राहिले.

आणि मी? मी तर शेजारीच उभा होतो. खोटं कशाला सांगू, ती तीन मिनिटं मी कोटाच्या खांद्याची शिवण बघत होतो. आरशासमोर उभ्या गिऱ्हाइकाकडे बघत मी लहानाचा मोठा झालो; माझी नजर फिटिंगवरून हातांकडे गेलीच नाही.

रील संपल्याचा खटका झाला. अण्णांनी विचारलं, “आता शिवू का रे?”

मग मी कॅमेरेवाल्याला वाट्टेल ते बोललो. त्याचा स्टुडिओ काढला, त्याचं गाव काढलं. तो खाली मान घालून कॅमेरा पुसत राहिला. अण्णाच मला म्हणाले, “स्वल्प गप्प बस. दुसरी आण, पुन्हा करू. मी कुठं पळून जातोय?”

दुसरी रील यायला दोन महिने लागले. त्याच्या आठवडाभर आधी अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात कायमचा गेला. नवी रील डबा न उघडता मी कपाटात टाकली. इतका राग मला पुन्हा कधी आला नाही, आणि तो कोणावर काढावा हेही कळेना.

मद्रासहून धुऊन आलेली पहिली रील मला बघायचीच नव्हती. पण अण्णांनी हट्टच धरला. एका दुपारी दुकानाची दारं लावून, फटींना कापडं कोंबून आम्ही ती भिंतीवर लावली. सोबत लावलेला, त्या दिवशी घेतलेला आवाज म्हणजे निव्वळ शांतता. त्यात काळ्या कोटातले अण्णा तीन मिनिटं नुसते उभे. कॅमेरेवाल्याने तोंड फिरवून घेतलं.

रील संपली. मी म्हणालो, “अण्णा, चूक माझी. तुमचं काम यात कुठंच आलं नाही.”

डाव्या हाताने मांडीवरचा उजवा उचलून त्यांनी नीट ठेवला. बोलणं जड झालं होतं, तरी शब्द स्पष्ट होते.

“पुन्हा लाव,” ते म्हणाले. “हात धड आहे त्यात.”