धोंडू मेस्त्रीची पाती

लवू मेस्त्री जुहूच्या विमानतळावर कामाला आहे असं कळलं, की अंधेरीच्या त्याच्या चाळीत पुढचा प्रश्न ठरलेला असायचा. विमानतळावर सुताराचं काय काम रे, साहेबांच्या खुर्च्या ठोकतोस? लवू मान डोलवायचा आणि विडी पेटवायचा. खरं सांगितलं असतं तर पटलं कुणाला असतं? धावपट्टीच्या कडेला फ्लाइंग क्लबाची तीन लहान विमानं होती. त्यातल्या दोन विमानांच्या नाकावरचे पंखे चक्क लाकडाचे होते, आणि ते पंखे सांभाळणं ही लवूची नोकरी होती.

लाकडाच्या पट्ट्या एकीवर एक चिकटवून, तासून, वार्निश पाजून केलेला माणसाएवढा पंखा. त्याला दोन पाती. पातींच्या टोकांना पितळी पत्र्याचं टोपण, आणि त्या टोपणाच्या अगदी शेवटाला सुई जाईल एवढी तीन भोकं. आत शिरलेलं पाणी पंखा फिरला की त्या भोकांतून बाहेर फेकलं जातं. लवू रोज सकाळी पातीवर बोटं फिरवायचा, सांधे बघायचा आणि मग जुना तांब्याचा पैसा काढून टक, टक, टक असं टोकापर्यंत वाजवत जायचा. धड लाकूड खणखणीत बोलतं. आतून सांधा सुटला असेल तर घोगरं बोलतं.

ही खोड घरीदारी होती. बाजारात नारळ वाजवून घेतात, ते ठीक. पण लवू मुलगी बघायला गेला तेव्हा मुलीकडे बघायचं सोडून तिच्या पाटावर टकटक करत बसला आणि म्हणाला, शिसवी आहे पण आतून चिरलाय. ती मुलगी म्हणजेच सुलक्षणा. पंचवीस वर्षं संसार झाला तरी ती हे नळावर सगळ्या बायकांना सांगायची, आणि दर वेळी त्या पाटाचं लाकूड बदलायची.

ही विद्या लवूला दिली धोंडू मेस्त्रीने. दोघेही कुडाळकडचे. गिरणीच्या सुतारखात्यातून लवूला उचलून इकडे आणला तो त्यानेच. धोंडूचा एक नियम होता. विमान उभं राहिलं की पंखा आडवा ठेवायचा. उभा ठेवला तर ओल खालच्या पातीत उतरते, ती पाती जड होते, आणि जड पाती हवेत इंजिनाला हिसडे देते. धोंडू म्हणायचा, "जड झालेली पाती एकटी खाली येत नाय, माणसाक घेऊन येता."

त्या वर्षी श्रावणात धोंडू गेला. एका पंख्याच्या उजव्या पातीला नवं पितळ बसवलं, हात धुतले, घरी जाऊन निजला तो उठलाच नाही. ज्याने तो लाकूड वाजवायचा, तो तांब्याचा पैसा त्याच्या मुलाने राखेबरोबर समुद्रात सोडला. लवूने स्वतः पाहिलं.

मग खंडेनवमी आली. हत्यारांची पूजा धोंडू करायचा तेव्हा चिमूटभर हळदकुंकू उधळायचा आणि नारळ फोडायचा. लवूचा मेस्त्रीपणाचा पहिलाच दसरा. त्याला वाटलं, काहीतरी घसघशीत करावं. त्याने तेलात शेंदूर कालवला, दोन्ही पंख्यांच्या उजव्या पातींच्या टोकाला जाडजूड फासला, आणि हात जोडून गावच्या थाटात गाऱ्हाणं घातलं, बा महाराजा, पंखा सांभाळ, उडणाऱ्याक सांभाळ. वॉचमन दशरथ साताऱ्याचा, पण "होय महाराजा" म्हणायला त्याचाच आवाज सगळ्यात मोठा. प्रसाद तिथेच उभा होता ना.

दसरा झाला आणि परतीच्या पावसाने उघड्यावरच्या विमानांना दोन दिवस झोडपलं. तिसऱ्या दिवशी पहिलं विमान उडालं आणि उतरल्यावर शिकवणाऱ्या कॅप्टनने तक्रार केली की खुर्ची थरथरते. इंजिनियर चंद्रप्रकाश साहेबांनी पंखा उतरवायला लावला. लवूने तो तोलाच्या घोडीवर चढवला. पंख्याच्या मधोमध दांडा घालून तो दोन धारांवर टेकवायचा. दोन्ही पाती सारख्या असतील तर पंखा आडवाच राहतो.

लवूने हात काढला. उजवी पाती सावकाश खाली गेली, कुणी पायावर डोकं ठेवायला वाकावं तशी.

धोंडूने पितळ बसवलेली तीच पाती.

लवूने डाव्या पातीला वार्निशचा हात देऊन वजन सारखं केलं. पंखा आडवा राहिला. सगळे जेवायला गेले. परत येऊन बघतात तर उजवी पाती पुन्हा खाली. लवूने पुन्हा तोल साधला, दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच. वारा नव्हता, उंदीर नव्हता. दशरथने बोलायला सुरुवात केली. भर दुपारी हँगर रिकामा असतो तेव्हा आतून पैसा वाजवल्याचा आवाज येतो, असं तो शपथेवर सांगू लागला. म्हातारा काम अर्धवट टाकून गेलाय ना. संध्याकाळपर्यंत ही बातमी पार्ल्याच्या चहावाल्यापर्यंत गेली, आणि तिथून परत आली तेव्हा धोंडूच्या डोक्यावर मुंडासंही आलं होतं. जन्मात त्याने कधी बांधलं नव्हतं.

लवू हसला नाही. तिसऱ्या दिवशी तो जेवायला गेलाच नाही. डबा मांडीवर ठेवून पंख्यासमोर बसला. पत्रे तापले होते. बाहेर ऊन इतकं पांढरं, की दारातून बघवत नव्हतं. सुलक्षणाने दिलेली भाकरी तशीच राहिली. पंखा आडवा होता. मग उजवी पाती केसभर हलली. पाती उतरत राहिली, उतरत राहिली, आणि थांबली.

आणि टोकाकडून आवाज आला. टक, टक, टक.

लवूचा पैसा त्याच्या खिशात होता. खिशातल्या खिशात त्याने तो मुठीत घट्ट धरला होता.

तो उठला तो भीतीने नव्हे, सवयीने. लाकूड जिथे बोलतं तिथे कान न्यायचा, हेच आयुष्यभर केलेलं. टोकाशी कान नेला तेव्हा नाकासमोर शेंदराचा थर आला. पावसाने वरून धुतलेला, पण भोकांत घट्ट बसलेला. रोज सकाळी त्याने ते टोक पाहिलं होतं आणि रोज बोट जरा अलीकडेच थांबवलं होतं. शेंदूर लागला की दगडाचासुद्धा देव होतो. देवाला नखाने खरवडतं कोण?

लवूने सुई घेतली, मनात माफी मागितली आणि पहिलं भोक टोचलं.

लाल पाणी आलं. एक थेंब, मग दुसरा, मग सरळ धार. पांढऱ्या फरशीवर लाल डाग पसरला. दाराशी आलेल्या दशरथने तो पाहिला आणि भिंतीला टेकून खाली बसला.

पण लवूला कळलं होतं. दोन दिवसांचा पाऊस पितळाच्या कडेने आत शिरला होता आणि बाहेर पडायची वाट त्याने स्वतः बुजवली होती. लाकूड आणि पितळ यांच्या फटीत ते पाणी पसरायचं आणि हळूहळू टोकाकडे सरकायचं. म्हणून तोल आधी राहायचा आणि मग जायचा. आता भोकं मोकळी करून, पंखा सुकवून गप्प बसलं असतं तरी चाललं असतं. झालं ते धोंडूच्या भुतानं, असं सगळ्यांचं आधीच ठरलं होतं. लवूची नोकरी शाबूत, अब्रू शाबूत. मेलेल्या माणसाला कोण मेमो देणार?

तेवढ्यात वरून घरघर ऐकू आली. दुसरं विमान. त्याच पावसात भिजलेलं, त्याच हाताने शेंदूर फासलेलं. घाटकोपरच्या मीराबाई, बँकेतल्या, त्या दिवशी पहिल्यांदाच एकट्या उडाल्या होत्या.

लवू धावला. डबा लाथाडला गेला तेही त्याने बघितलं नाही. चंद्रप्रकाश साहेब ऑफिसात ताक पीत होते. लवूचे दोन्ही हात लाल.

"सायबानू, तिका खाली बोलवा. पातीत पाणी हा."

"तुला कसं कळलं? वर आहे ते विमान."

"भोकां बुजली. शेंदूर मियाच लावलंय."

साहेबांनी शिवी दिली नाही, एवढंच लवूला नंतर आठवत राहिलं. त्यांनी फोन उचलला. टॉवरने मीराबाईंना उतरायला सांगितलं. सगळे धावपट्टीच्या कडेला उभे राहिले. विमान समुद्रावरून वळलं तेव्हा त्याचा आवाज लवूने ऐकला. मध्ये मध्ये घोगरा. चाकं टेकली, एकदा उडी मारली, पुन्हा टेकली. मीराबाई उतरल्या आणि म्हणाल्या, हातातला दांडा इतका थरथरत होता, मला वाटलं मीच घाबरलेय.

लवूने सुई लावली. इथेही लाल पाणी आलं.

त्याला लेखी ताकीद मिळाली, नोकरी राहिली. मंडळी, पुढच्या दसऱ्याला त्याने कुंकू लावलं ते कागदावर, आणि तो कागद पंख्यापासून हातभर लांब ठेवला. भुताची गोष्ट मोडली म्हणून दशरथ आठवडाभर त्याच्यावर रुसला होता.

सुलक्षणा मात्र त्याला एकच विचारत राहिली. पाण्याने पाती उतरली, कबूल. पण पाणी तीनदा टकटक करतं होय? लवू विडी पेटवायचा आणि सांगायचा, तापलेलं पितळ वाजतं गं कधीकधी.

त्यानंतर रोज दुपारी मात्र तो जेवायला सगळ्यांत शेवटी निघायचा. निघताना आपला तांब्याचा पैसा त्या उजव्या पातीखाली ठेवून जायचा. परत आला की उचलायचा. म्हणायचा, ऊन फार लागतं इथे, पैसा तापलेला असतो.