अण्णांचे एकशेबत्तीस ठोके

नर्सच्या नोकरीत माझ्या हाताखालून किती पेशंट गेले ते मी मोजलेलं नाही, पण पहिला चांगला लक्षात आहे. ते माझे वडील होते आणि त्यांना काहीही झालेलं नव्हतं.

तसं बघितलं तर मीही तेव्हा नर्स नव्हते. मोडनिंबहून मॅट्रिक होऊन सोलापूरच्या एका मोठ्या दवाखान्यात नर्सिंग शिकायला लागून तीनच महिने झाले होते. पण या तीन महिन्यांत मला काय काय येत नव्हतं? चादरीचे कोपरे पाकिटासारखे दुमडता येत होते. पेशंटला न उठवता त्याच्याखालची चादर बदलता येत होती (पेशंट म्हणजे माझी खोलीतली मैत्रीण सुलोचना, आणि ती आपली आपणच लोळायची). थर्मामीटर झटकता येत होता. तो एकदाच फुटला होता. एवढं ज्ञान घेऊन मी चार दिवसांच्या सुट्टीवर घरी गेले.

सुट्टीला कारण होतं. तीन महिने संपले की पालकांच्या सहीचा एक कागद दवाखान्यात द्यावा लागायचा. सही असली तर डोक्यावर पांढरी टोपी चढायची आणि पुढचं शिक्षण सुरू. नसली तर पत्र्याची ट्रंक उचलून घरी. कागद सोमवारी सकाळी द्यायचा होता आणि गुरुवार, शुक्रवार, शनिवार नुसते गेले होते. अण्णा नाही म्हणत नव्हते. ते 'बघू' म्हणत होते. आमच्या घरात 'बघू' हा फार वाईट शब्द होता. मळ्यातली दुसरी विहीर खणायची का, यालाही अण्णा माझ्या जन्माच्या वर्षी 'बघू' म्हणाले होते.

त्यात दुधनीची आत्या येऊन बसली होती. तिच्याकडं एक स्थळ होतं. मुलाच्या घरी पिठाची गिरणी होती आणि आत्या मुलाबद्दल कमी आणि गिरणीबद्दल जास्त बोलायची.

"परक्या गड्यांची अंगं पुसायची, ह्यो काय धंदा हाय व्हय?" ती अण्णांना म्हणाली. "अय्यो, दुधनीत मी लोकास्नी काय सांगू?"

"बघू," अण्णा म्हणाले.

रविवारी सकाळी अण्णा अंगणात बाजेवर बसून तंबाखू मळत होते. मी विचार केला, आता बोलून उपयोग नाही, आपली विद्याच दाखवावी. बाप बघेल, गहिवरेल आणि सही करेल. सुलोचनाचं सेकंदकाट्याचं घड्याळ मी मुद्दाम मागून आणलं होतं. ते मनगटावर चढवलं आणि म्हणाले, "अण्णा, हात द्या. तुमची नाडी बघते."

अण्णांनी तंबाखू डाव्या हातात घेतली आणि उजवा हात पुढं केला. तो हात तीस वर्षं नांगर धरलेला. मी मनगटावर तीन बोटं ठेवली. काही लागेना. बोटं वर सरकवली, खाली सरकवली. आत्या दारातनं बघत होती, आई चुलीपुढनं बघत होती. मला घाम फुटला.

"हाय का न्हाय?" अण्णांनी विचारलं.

"आहे, आहे."

"न्हाय तर तसं सांग. तंबाकू तरी खाऊन घेतो."

शेवटी मी बोटं काढली आणि अंगठा दाबून धरला. आणि लागली की नाडी! चांगली ठणठणीत, ठोक्यावर ठोका. मी पूर्ण एक मिनिट मोजली. एकशेबारा भरली.

आता पुस्तकात लिहिलं होतं की धडधाकट माणसाची नाडी बहात्तरच्या आसपास असते आणि शंभराच्या वर गेली की डॉक्टरांना कळवावं. मोडनिंबला कळवायला डॉक्टर रविवारी नसायचे. मी परत मोजली. एकशेवीस. तिसऱ्यांदा मोजली, एकशेबत्तीस! दहा मिनिटांत नाडी वीस ठोके वर गेली होती आणि अण्णा तंबाखूला चुना लावत होते. बिचाऱ्यांना आपल्या आत काय चाललंय याचा पत्ताच नव्हता.

"अण्णा, आडवे व्हा," मी म्हणाले.

"का?"

"बोलू नका. बोलण्यानं वाढते."

पुस्तकात 'संपूर्ण विश्रांती' नावाचा एक धडा होता आणि तो मला तोंडपाठ होता. मी तो जसाच्या तसा अण्णांवर चालवला. पहिल्यांदा तंबाखू काढून घेतली. मग त्यांना न उठवता त्यांच्याखाली जाडजूड वाकळ घातली. अण्णा सुलोचनासारखे लोळेनात, म्हणून आई आणि आत्यानं त्यांना पोत्यासारखं एकदा इकडं आणि एकदा तिकडं ढकललं. मग मी वाकळेचे कोपरे दुमडायला घेतले. वाकळेचा कोपरा दुमडला की त्याची उशी होते, हे पुस्तकात नव्हतं. बाजेच्या चारी कोपऱ्यांना चार उश्या झाल्या आणि मधल्या खड्ड्यात अण्णा.

"मी परसाकडं जाऊन येतो," खड्ड्यातनं आवाज आला.

"उठायचं नाही."

"मग?"

मी गोठ्यातलं घमेलं घासून आणलं. अण्णांनी घमेल्याकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मग आईला म्हणाले, "हिला तितं हेच शिकवत्यात?"

"हे पण शिकवतात," मी म्हणाले.

"आन मी त्या कागदावर सही करावी म्हंती ही."

यावर ते उठले आणि परसाकडं जाऊन आले. मी पाठोपाठ पळाले, कारण मला वाटलं वाटेत पडतात. आल्यावर मोजली, एकशेचाळीस. (पळत कोण गेलं होतं, हा विचार मला तेव्हा शिवला नाही.)

न्याहारीला अण्णांना चार भाकरी लागायच्या. मी तांदळाची पेज दिली, तीही चमच्यानं. दुपारपर्यंत पेजेशिवाय पोटात काही नाही, तोंडात तंबाखू नाही आणि अंगावर ऊन आलेलं. अण्णा म्हणाले, "गरगरायला लागलंय." मी आईकडं बघितलं. म्हणजे माझं निदान खरं होतं!

आईचा धीर सुटला. तिनं मीठमिरच्यांनी दृष्ट काढली. मिरच्या चुलीत टाकल्यावर ठसका लागला नाही तर दृष्ट लागलेली असते म्हणतात. त्या दिवशी सगळ्या गल्लीला ठसका लागला आणि त्या वासानं गल्ली आमच्या अंगणात आली.

आमच्याकडं आजारी माणसाला बघायला जायची रीत आहे. नाही गेलं तर आयुष्यभर बोल लागतो. त्यामुळं तासाभरात अंगणात तीसेक माणसं जमली. आजारी माणसाचं मन प्रसन्न ठेवावं, हाही आमचा एक धडा होता, पण तो गावाला कुणी शिकवला नव्हता.

"आमच्या साडूचं बी असंच," शेजारचे गणूकाका बाजेशी बसून म्हणाले. "सकाळी तंबाकू मळत हुता. काय बी त्रास न्हवता."

"मग?" अण्णांनी विचारलं.

"मग काय न्हाय," गणूकाका म्हणाले आणि त्यांनी अण्णांचा पाय चेपायला घेतला. "तुला काय खावंसं वाटतंय का?"

"भाकरी," अण्णा म्हणाले.

"शेवटी माणसाला भाकरीच आठवती," गणूकाकांनी सगळ्यांना सांगितलं.

मला शंका आली, हे एकट्या अण्णांनाच झालंय का? खात्री करावी म्हणून आईची नाडी बघितली. तीन बोटांच्या भानगडीत आता कोण पडतंय, सरळ अंगठा लावला. एकशेअडतीस. आत्याची एकशेचाळीस. गणूकाकांची एकशेबेचाळीस! ही साथ होती. माझ्या घरात उगम पावलेली साथ माझ्या डोळ्यांसमोर गल्लीत पसरत होती. म्हशीची नाडी तेवढी राहिली, कारण तिचं मनगट कुठलं ते ठरेना.

"सोलापूरला न्यायला पाहिजे," मी म्हणाले. "आत्ताच्या आत्ता."

एसटीची वाट बघायला कुणी तयार नव्हतं. हमरस्त्यावर कांद्याचा ट्रक थांबवला. अण्णांना बाजेसकट उचलून पोत्यांवर ठेवलं. ते "मी चालत येतो की" म्हणत होते आणि गणूकाका त्यांचं तोंड आपल्या उपरण्यानं पुसत होते. मी, आई, आत्या, गणूकाका आणि वरचेवर रडणाऱ्या दोन चुलत्या, असा सगळा लवाजमा कांद्यांवर बसून निघाला. कांद्यांमुळं न रडणारेही रडत होते. वाटेत भेटलेल्या ओळखीच्यांनी हात जोडले.

मी ज्या दवाखान्यात शिकत होते तिथंच ट्रक नेला. मनात म्हटलं, होईल ते चांगलंच होईल. तीनच महिने शिकलेल्या मुलीनं साथ ओळखली, हे आमच्या शिकवणाऱ्या डेव्हिड सिस्टरांना आज कळेल. त्या ड्यूटीवर होत्या. उंच, काटकुळ्या बाई. त्यांनी बाज बघितली, कांद्याची सालं अंगावर घेतलेली माणसं बघितली आणि शेवटी मला बघितलं.

"काय झालंय?"

"सिस्टर, वडिलांची नाडी एकशेबत्तीसच्या वर आहे. आईची एकशेअडतीस. आत्याची एकशेचाळीस. शेजाऱ्यांचीपण."

"सगळ्यांची?"

"साथ आहे, सिस्टर."

त्यांनी अण्णांच्या मनगटावर शांतपणे तीन बोटं ठेवली.

"चौऱ्याहत्तर," त्या म्हणाल्या. "आता तू मोज."

मी मोजली. "एकशेचव्वेचाळीस."

सिस्टरांनी माझ्या हाताकडं बघितलं आणि बघतच राहिल्या. "सकाळपासून असाच अंगठा लावून मोजतेस?"

"हो. अंगठ्याला चांगली लागते."

"लागणारच. अंगठ्याला स्वतःची नाडी असते. तू सकाळपासून सगळ्यांच्या मनगटावर स्वतःची नाडी मोजते आहेस." त्यांनी माझा हात घेतला, नाडी मोजली आणि हात खाली ठेवला. "एकशेचव्वेचाळीस. बरोबर मोजलीस. म्हणूनच बोटांनी मोजायची, असं मी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. तेव्हा तू कुठं होतीस?"

मी वर्गातच होते. मेसमध्ये त्या दिवशी मटकीची उसळ होती आणि तिचा वास वर्गात येत होता, एवढं मला अजून आठवतं.

"म्हंजे आण्णाला काय बी झालेलं न्हाय?" गणूकाकांचा आवाज थोडा उतरला होता. बिचारे अर्ध्या दिवसाची शेतातली कामं टाकून आले होते.

"त्यांना भूक लागली आहे," सिस्टर म्हणाल्या.

"सकाळधरनं त्येच सांगतुय," अण्णा म्हणाले.

आईनं देवाला हात जोडले आणि मग मला एक धपाटा घातला. मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि मला रडू कोसळलं. हसण्यासारखंच सगळं होतं, पण मला ते शिकायचं होतं हो. मनापासून शिकायचं होतं. कागद माझ्या पिशवीत होता, सोमवार उद्यावर आला होता, आणि जगात कुठल्याही बापानं अशा मुलीच्या कागदावर सही केली नसती. मी तो काढून सिस्टरांपुढं धरला आणि म्हणाले, "ह्याचा आता उपयोग नाही."

अण्णा बाजेवर उठून बसले. दवाखान्यातली एक बाई त्यांना चहा आणि पाव देऊन गेली होती. त्यांनी दोन्ही संपवलं, मिशा पुसल्या आणि सिस्टरांना हाक मारली.

"बाई, एक इचारू का?"

"विचारा."

"ह्या कागदावर मी सही न्हाय केली, तर हिचं काय?"

"नाव कमी होईल."

"आन मग ही कुटं जाणार?"

"घरी."

"कुणाच्या घरी?"

"तुमच्याच."

"कायमची?"

"लग्न होईपर्यंत," सिस्टर म्हणाल्या.

अण्णांनी वळून आत्याकडं बघितलं. सकाळपर्यंत जिच्या तोंडी पिठाची गिरणी होती ती आत्या आता भिंतीवरचं लसटोचणीचं चित्र फार लक्ष देऊन बघत होती.

"पेन द्या," अण्णा म्हणाले.

त्यांनी कागद गुडघ्यावर ठेवून सही केली आणि तो माझ्या नाही, सिस्टरांच्या हातात दिला. "पुरती शिकवा," त्यांनी बजावलं. "अर्धी माघारी धाडू नका. आन पुरती हुईस्तवर तिला सुट्टी बी देऊ नका."

पुढं टोपी घालायच्या कार्यक्रमाला सगळ्यांचे पालक आले होते. पाहुण्यांनी एकेकाला उभं करून विचारलं, मुलीला नर्सिंगला का घातली? कुणाचे वडील म्हणाले, रुग्णांची सेवा घडावी म्हणून. सुलोचनाचे म्हणाले, मुलगी स्वतःच्या पायावर उभी राहावी म्हणून. अण्णांची पाळी आली. ते उठले, पटका सारखा केला आणि म्हणाले, "आमी भिऊन घातली."