चौदा खाचरांची फिल्म

जमीन विकायचं नक्की झालं तेव्हा घरातल्या प्रत्येकाने काही ना काही शहाणपणाचं काम केलं. बायकोने बावधनला फ्लॅट बघितला. ताईने कागदावर सही करून टाकली. आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, कणगीतलं भात भावकीत वाटलं. मी व्हिडिओ कॅमेरा विकत घेतला. तोही सगळं जग फोनवर शूटिंग करायला लागल्यावर. दुकानदाराने बिचाऱ्याने एकदा विचारूनही घेतलं, "काका, नक्की हाच पाहिजे ना?" पण मला फोनवरचं हलतं-डुलतं काही नको होतं. माझी फिल्म हाय-डेफिनिशन होणार होती.

फिल्म खाचरांची. ताम्हिणीच्या रस्त्याला, उतारावर एकाखाली एक अशी आमची भाताची चौदा खाचरं होती आणि प्रत्येकाला नाव होतं. सरकारदरबारी ही नावं कुठेही नाहीत. हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण तालुक्याच्या कचेरीत मी तीस वर्षं कारकुनी केली, लोकांचे सातबारे आणि फेरफार याच हातांनी काढून दिले. सातबाऱ्यावर गट नंबर असतो, क्षेत्र असतं, मालकाचं नाव असतं. खाचराचं नाव लिहायला त्यावर रकानाच नाही. ती नावं आबांच्या तोंडात होती, आणखी कुठेच नव्हती. मी शाळेपासूनच पौडला, नंतर नोकरीत. मला धड सहा येत होती.

म्हणून ताबा द्यायच्या आधी एका सकाळी मी आबांना घेऊन सगळे बांध फिरलो. ते पुढे, अनवाणी, हातात काठी. मी मागे, डोळा कॅमेऱ्यात आणि पाय चिखलात.

"हे रडकं. दिवाळी झाली तरी पाझरत ऱ्हातं," आबा सांगत होते. "हे सासूचं. कितीबी घाल, ह्याला पुरत न्हाई. आन् हे..."

"आबा, थांबा, फोकस जातोय!"

"जाऊ दे त्याला. आपून हितंच हाय."

असे दोन तास. चौदाच्या चौदा नावं, प्रत्येकामागची हकिकत, मधे मला घातलेल्या चार शिव्या, सगळं कॅमेऱ्यात आलं. पंधरा दिवसांनी जेसीबी आला आणि चौदा खाचरांचा एक उतार झाला. आता तिथे तारेचं कुंपण आहे आणि बंगल्यांचे प्लॉट पाडलेत.

बावधनला आल्यावर आबांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग जेवण झालं की नाही ते. एकदा चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून खाली वाकून त्यांनी मला विचारलं, "गुरं बांदली का?" पण एक गोष्ट त्यांच्या डोक्यात पक्की बसली होती. रोज चहाच्या वेळी विचारायचे, "फिलिम झाली का रं?"

"होतेय, आबा."

बायकोने पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "अहो, कॅमेऱ्याची वायर टीव्हीला लावा आणि दाखवून टाका त्यांना. आत्ता नावं सांगितली तर ओळखतायत."

"असं कच्चं दाखवतात का?" मी म्हणालो. "नीट कापायचं, जोडायचं, प्रत्येक खाचराचं नाव अक्षरात आलं पाहिजे. मागे बासरी."

"बासरी कशाला?"

त्याच संध्याकाळी मी नेटवरून फुकटची बासरी उतरवली.

फिल्म कापण्या-जोडण्याचं पहिलं सॉफ्टवेअर मी उतरवलं ते फुकटचं होतं आणि त्याच्या जाहिरातीत एक हसरं कुटुंब पाच मिनिटांत सहलीची फिल्म बनवत होतं. त्याने माझी एकही फाइल उघडली नाही. हा प्रकार चालत नाही, म्हणालं. ज्या कॅमेऱ्याच्या खोक्यावर हाय-डेफिनिशन असं बोटभर अक्षरात छापलेलं, त्याची फाइल हाय-डेफिनिशनवाल्या सॉफ्टवेअरला ओळखता येईना. मग फाइलचा प्रकार बदलून देणारं दुसरं एक सॉफ्टवेअर शोधलं. त्याने बदलून दिला, पण आबांनी हात हलवला की हाताच्या कडेला कंगव्याचे दात फुटायचे. आबा चालायला लागले की अख्खे आबाच कंगवा. या रेषा कशा काढायच्या याचे मी तीन आठवडे व्हिडिओ बघितले. ते सांगणारे लोक इतक्या भराभर बटणं दाबायचे की मी वहीत एक पायरी लिहीपर्यंत त्यांची फिल्म तयार होऊन लोक टाळ्या वाजवत असायचे.

तिसऱ्या सॉफ्टवेअरने मूळ फाइलच घेतली, म्हणून कंगव्यावाल्या मी पुसून टाकल्या. मी पेढे आणायचा बाकी होतो. पण माझ्या कॉम्प्युटरला तो भार झेपेना. आबा बांधावरून पाय उचलायचे, मी आत जाऊन चहा ठेवायचो, परत येईपर्यंत पाय खाली टेकलेला नसायचा. दहा मिनिटं काम केलं की एक खिडकी यायची, अनपेक्षित अडचणीमुळे बंद करत आहोत, तसदीबद्दल क्षमस्व. रोज येणाऱ्या अडचणीला अनपेक्षित म्हणण्याचं धाडस कचेरीत आम्हीसुद्धा केलं नव्हतं.

नावं अक्षरात टाकायला घेतली तर मराठीचे चौकोन व्हायचे. फाँट बदलला तर चौकोन गेले, पण काने-मात्रा सुटून बाजूला पडले. रडकं आणि सासूचं या दोन नावांवर पाच संध्याकाळी घालवून मी ठरवलं, नावं शेवटी टाकू. हा निर्णय लक्षात ठेवावा. माझ्या आयुष्यातल्या मूर्ख निर्णयांत तो दुसऱ्या क्रमांकाचा आहे.

मग आवाज निसटला. सुरुवातीला आबांचे ओठ आणि शब्द बरोबर, पुढे शब्द मागे पडायला लागले, आणि दोन तासांच्या शेवटी तर आबा एका खाचरात उभे राहायचे आणि कानावर नाव यायचं वरच्या खाचराचं. अख्खी जमीन एक-एक खाचर खाली सरकली होती. असा चुकीचा फेरफार कुठल्या तलाठ्याने केला असता तर मी त्याला उभा जाळला असता. इथे दाद मागायची कोणाकडे? मदतीच्या पानावर माझ्यासारखेच लोक रडत होते आणि खाली कोणीतरी त्यांना कॉम्प्युटर बंद करून चालू करा असं सांगत होतं.

यात एक गंमत लक्षात घ्या. मी त्या फिल्मशी महिनोन्महिने झटत होतो, पण पुन्हापुन्हा पाहिली ती पहिली दहा मिनिटं. पुढचं पाहिलं ते फक्त आवाज कुठे निसटतो ते शोधायला, डोळा ओठांवर ठेवून. नावं कशाला ऐकतोय? ती तर फिल्ममध्ये होतीच.

इकडे आबांचा प्रश्न बारीक होत चालला. "फिलिम झाली का?" वरून नुसतं "झाली का?" वर आला.

शेवटी मी आवाज तुकड्यातुकड्याने ओढून जागेवर बसवला, सगळी फिल्म जोडली, ती सॉफ्टवेअरच्या खिडकीत पहिल्यापासून शेवटपर्यंत चालली. अक्षरातली नावं नंतर टाकू म्हटलं, आता आधी बाहेर काढायची. सकाळी नऊला लावलं, दुपारी चारला सत्त्याण्णव टक्के झालं आणि तिथेच बसलं. पंख्याचा आवाज असा की शेजारच्या बाईंनी दळण चालू आहे का विचारलं. मग सूचना आली, डिस्कवर जागा अपुरी आहे.

जागा कशाने भरली ते पाहिलं. कॅमेऱ्यातून उतरवलेल्या मूळ फाइल्सनी. नुसते आकडे असलेली नावं, अगडबंब आकार. त्यांच्याशेजारी माझी जतन केलेली फिल्म, तिचा आकार एवढासा. मला आनंदच झाला. म्हटलं, बघा, कापून-जोडून किती आटोपशीर झाली!

आता तीस वर्षं कचेरीत बसलेल्या माणसाचं डोकं कसं चालतं ते सांगतो. फेरफार मंजूर झाला, नवीन सातबारा निघाला, की जुन्या नावाला कंस. जुन्याचं काम संपलं. मी त्या सगळ्या मूळ फाइल्सना कंस केला. म्हणजे पुसल्या. कचऱ्याची टोपलीही रिकामी केली, कारण मी टापटिपीचा माणूस. कॅमेऱ्यातलं कार्ड तर ताईच्या मुलीच्या साखरपुड्याच्या वेळीच कोरं करून वापरलं होतं. कचेरीत कंस झालेला जुना कागदसुद्धा रेकॉर्ड रूममध्ये गठ्ठ्यात बांधून ठेवतात, कोणी जन्मभर मागितला नाही तरी. इथे रेकॉर्ड रूम मीच होतो, आणि काडीही मीच लावली.

दुसऱ्या दिवशी फिल्म उघडली. चौदा खाचरांच्या जागी चौदा काळे चौकोन, प्रत्येकावर लाल फुली. फाइल सापडत नाही.

वरच्या मजल्यावर आयटीतले एक गृहस्थ राहतात. त्यांना बोलावलं. ते बराच वेळ बघत बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "काका, ही प्रोजेक्ट फाइल आहे. ही नुसती यादी असते. कुठून काय घ्यायचं, एवढंच. व्हिडिओ यात नसतो."

"पण सेव्ह केलं होतं मी."

"यादी सेव्ह झाली ना. नावं अक्षरात टाकली असतीत तर तीही यात राहिली असती."

"पुसलेलं परत येतं म्हणतात."

"येतं कधीकधी. पुसल्यावर त्याच डिस्कवर तुम्ही काही केलंत का?"

केलं होतं. जागा झाली म्हणून लगेच फिल्म पुन्हा बाहेर काढायला लावली होती, रात्रभर. त्यांनी तरी प्रयत्न केला. फाइल्सची नावं परत आली, आत काही नव्हतं. कार्डातून मात्र एक फाइल जिवंत निघाली. ताईचे व्याही, पंगतीत, जिलबी खाताना. अतिशय स्पष्ट, हाय-डेफिनिशन.

 कॅमेऱ्याची वायर टीव्हीच्या मागे लोंबत होती, ती बायकोने गुंडाळून कपाटात ठेवली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

एक तुकडा मात्र वाचला होता. मधे कधीतरी बासरी कशी वाटते ते पाहायला मी पहिली दोन मिनिटं वेगळी काढली होती. तो टीव्हीवर लावला आणि आबांना समोर बसवलं. त्यात बासरी नीट ऐकू यावी म्हणून मी आबांचा आवाज बंद केलेला होता. आणि चाचणीपुरतं घेतलेलं सॉफ्टवेअर, त्यामुळे कंपनीने आबांच्या छातीवर स्वतःच्या नावाची आडवी, पांढरी, भलीमोठी अक्षरं छापली होती.

आबा पडद्यावरच्या आबांचे हलणारे ओठ बघत राहिले.

"आवाज न्हाई व्हय ह्याला?"

"बासरी आहे की, आबा."

"रानात बासरी कोन वाजिवतंय?" मग थोडं पुढे वाकून, "छातीव काय लिवलंय माज्या?"

"तुमचं नाव," मी सांगितलं.

दोन मिनिटं संपली. "फुडं?" ते म्हणाले.

पुढं नव्हतं. आबांना नावं विचारली, तर त्यांना एकही धड सांगता येईना. मी ताईला फोन केला. तिला माझ्यापेक्षा दोन नावं जास्त येत होती, त्यातल्या एकावरून आमचं भांडण झालं. भावकीतले जाणते सगळे गेलेले. राहिलेल्यांना गट नंबर पाठ आहेत, तेही विकण्यापुरते. सहा आणि दोन, आठ.

त्यानंतर आबा फिल्मचं विसरले. पण एका दुपारी गॅलरीत बसल्या बसल्या म्हणाले, "नावं सांग बरं खाचरांची." आणि बोटं पुढे केली.

मी सांगायला लागलो. रडकं. सासूचं. आंबीचं. वाकडं. प्रत्येक नावाला ते एक बोट मिटत होते. आठ झाली. नववं बोट ताठ, वाट बघत.

"फुडं?"

खोटं बोलायचा विचार केला होता असं नाही. तोंडातून निघून गेलं. "करवंदीचं."

मला वाटलं, आता काठी बसणार. तरुणपणी या माणसाने बांधाचा दगड वीतभर सरकलेला चालता चालता ओळखला होता. मनातून मला ती काठी हवीही होती. आबांनी बोट मिटलं.

"फुडं?"

टेपाखालचं, म्हटलं. मिटलं. दहा बोटं संपली, त्यांनी मुठी उघडल्या. घोणशीचं. मिटलं. धावरं, मधलं, शेंड्याचं. चौदा झाली. आबा समाधानाने मागे टेकले आणि मला म्हणाले, "ध्यानात हायेत की तुज्या." आयुष्यात त्यांनी माझं कौतुक केलं ते हे एवढंच.

मग ते रोजचंच झालं. मीही चुकू नये म्हणून माझी खोटी नावं एका कागदावर लिहून ठेवली.

गेल्या महिन्यात ताई राहायला आली. आबांनी तिला समोर बसवून स्वतःच नावं म्हणून दाखवली. खऱ्यातली तीन गळली होती. माझी सहाच्या सहा आली, ओळीने, एकदाही न अडखळता. आणि करवंदीच्या खाचरात आमच्या आईला नाग कसा दिसला होता ती हकिकतही त्यांनी सांगितली.

ताईने माझ्याकडे पाहिलं. "करवंदीचं कुठलं रे? मला कसं माहीत नाही?"

"वरच्या अंगाला होतं," मी म्हणालो.

तिचे डोळे भरून आले. "बघ, किती विसरलो आपण," असं म्हणत तिने पर्समधून फोन काढला, आबांच्या समोर धरला आणि म्हणाली, "आबा, परत एकदा सांगा. सगळी. सावकाश."

आबांनी घसा साफ केला. मी तिला थांब म्हणालो नाही.